सूड आणि वसुली



मागच्या वेळी उन्हाळी वाळवणाबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे, आणि थोडा अंगावर येणाराही आहे. माझी नात अकरावीत आहे. तिला इंग्रजी गोष्टी वाचायचा नाद. गेल्या महिन्यात मी मूग निवडत बसले होते तेव्हा तिने मला मोबाइलवरून एक गोष्ट वाचून दाखवली, मध्येमध्ये मराठीत सांगत. एडगर अ‍ॅलन पो नावाच्या अमेरिकन लेखकाची, ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’. अमाँटिलाडो ही स्पेनमधली एक भारी दारू, आणि कास्क म्हणजे तिचं लाकडी पिंप. नाव ऐकूनच मी म्हटलं, अगं, आपल्या घरात ही कसली गोष्ट! ती म्हणाली, “दादी, दारू नुसती नावाला आहे. गोष्ट वेगळीच आहे.” आणि खरंच वेगळी निघाली.

एक गंमत आधी सांगते. ही गोष्ट नोव्हेंबर 1846 मध्ये छापून आली ती ‘गोडीज लेडीज बुक’ नावाच्या मासिकात. फिलाडेल्फियाहून निघणारं हे मासिक बायकांसाठी होतं. कपड्यांच्या फॅशनची रंगीत चित्रं, भरतकाम, घरगुती सल्ला, गाणी असं सगळं त्यात असे. संपादिका होत्या सारा जोसेफा हेल, मेरी आणि तिच्या कोकराची बालकविता ज्यांनी लिहिली त्या. म्हणजे घर सांभाळणाऱ्या बायकांनीच ही गोष्ट पहिल्यांदा वाचली, तेव्हा आपणही वाचायला हरकत नाही.

गोष्ट छोटी आहे. मॉन्ट्रेसर नावाचा एक खानदानी माणूस आपणच सांगतो आहे, की फॉर्च्युनॅटोने मला हजार वेळा दुखावलं ते मी सहन केलं, पण त्याने अपमान केला तेव्हा मी सूड घ्यायचं ठरवलं. धमकी मात्र दिली नाही. भेटला की हसायचा, बोलायचा. गावात कार्निव्हलचा उत्सव चालू आहे. फॉर्च्युनॅटो विदूषकाचा वेश घालून, घुंगरांची टोपी घालून प्यालेला आहे. त्याला अभिमान एकाच गोष्टीचा, की दारूची पारख माझ्यासारखी कोणाला नाही. मॉन्ट्रेसर त्याला म्हणतो, मी अमाँटिलाडो म्हणून एक पिंप घेतलंय, पण खरं की खोटं कळत नाही. तुम्ही कामात आहात, तेव्हा मी दुसऱ्या पारख्याकडे चाललोय. झालं! दुसऱ्याचं नाव निघाल्यावर हा स्वतःहून मागे लागतो.

वाड्यात नोकर नाहीत. मॉन्ट्रेसर त्यांना सांगून निघाला होता की मी सकाळपर्यंत येणार नाही, कोणी घर सोडायचं नाही. असं सांगितलं की पाठ वळताच सगळे पळणार, हे त्याला पक्कं माहीत. दोघं तळघरात उतरतात. तिथे त्या घराण्याच्या मेलेल्या माणसांची हाडं रचलेली आहेत, भिंतींना ओल आणि सोरा आहे. फॉर्च्युनॅटोला खोकला येतो. मॉन्ट्रेसर काळजीने म्हणतो, परत जाऊ, तुमची तब्येत महत्त्वाची. तो ऐकत नाही. शेवटच्या कोनाड्याशी पोचल्यावर मॉन्ट्रेसर त्याला साखळीने दगडाला बांधतो आणि समोर भिंत रचायला लागतो. दगडांचे अकरा थर. आतला माणूस आधी कण्हतो, मग साखळी ओढतो, ओरडतो, मग हसून म्हणतो की छान थट्टा केलीत. शेवटी फक्त घुंगरं वाजल्याचा आवाज. शेवटचा दगड बसतो. आणि मॉन्ट्रेसर सांगतो, पन्नास वर्षं झाली, त्या हाडांना कोणी हात लावलेला नाही.

नात म्हणाली, “दादी, त्याने अपमान काय केला होता ते लेखक शेवटपर्यंत सांगतच नाही.”

मी बी. कॉम. झाले त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण हिशोबाची सवय अंगात राहते. माझ्या मनात तेच अडकलं. जमाखर्चात नोंद करताना तारीख लागते, रक्कम लागते आणि खाली तपशील लागतो, की हे कशापोटी. मॉन्ट्रेसरच्या वहीत रक्कम आहे, हजार जखमा. पण तारीख नाही, तपशील नाही, पावती नाही. असा हिशोब कोणत्या ऑडिटरने पास केला असता? तरी त्याच्या जोरावर त्याने एक जिवंत माणूस भिंतीत चिणला.

दुसरी गोष्ट त्याहून खोल लागली. तो खोटं फारसं बोलतच नाही. तुम्हाला खोकला आहे, परत फिरा, हे शब्द खरे आहेत. हेच कोणी आपल्याला म्हटलं तर आपण त्याला प्रेमळ म्हणू. आपण क्रोध, मान, माया, लोभ असे चार कषाय लहानपणापासून पाठ करतो. क्रोध ओळखू येतो, त्याचा आवाज मोठा असतो. माया मात्र गोड बोलते, काळजी घेते, जेवायला वाढते. या गोष्टीत मॉन्ट्रेसर एकदाही रागावत नाही. मला तेच भयंकर वाटलं.

तुम्ही म्हणाल, ही परदेशातली कल्पित गोष्ट. तर आपल्या जवळचीच खरी हकीकत बघा. आमचं आंबी हे इंद्रायणीकाठचं गाव, तळेगाव दाभाडे आणि वडगाव मावळ इथून हाकेच्या अंतरावर. आणि पुण्याचा शनिवारवाडाही काही लांब नाही.

30 ऑगस्ट 1773, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणपतीचे दिवस. आपली संवत्सरी होऊन आठवडा उलटला असेल. पो यांच्या गोष्टीतही उत्सव, इथेही उत्सव. नारायणराव पेशवे अठरा वर्षांचे. काका रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत. थकलेला पगार मागायचं निमित्त करून गारदी आत घुसले. नारायणराव धावत काकांकडेच गेले, त्यांना मिठी मारली. चापाजी टिळेकर नावाचा सेवक त्यांना वाचवायला अंगावर पडला, तोही मारला गेला. ज्याच्याकडे आसरा मागितला त्याच्याच संमतीने हे चाललं होतं. ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. मला तर वाटतं, एवढ्या मोठ्या कटाचा सगळा भार एका बाईच्या एका अक्षरावर टाकणं पुरुषांना सोयीचं गेलं असणार. रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र दोष रघुनाथरावांच्याच पदरात घातला.

आता पुढचं बघा, कारण ते आपल्या मावळात घडलं. नारायणरावांच्या मागे 18 एप्रिल 1774 ला मुलगा झाला, सवाई माधवराव. कारभाऱ्यांनी त्याला गादीवर बसवलं आणि रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. जानेवारी 1779 मध्ये मुंबईची इंग्रजी फौज रघुनाथरावांना घेऊन बोरघाट चढून आलेली होती. 4 जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्यालाच आपल्याकडे इष्टुर फाकडा म्हणतात, आणि त्याची समाधी वडगावात आहे. फौज तळेगावला पोचली तर तळेगाव रिकामं आणि जाळलेलं. शत्रूला दाणा आणि चारा मिळू नये म्हणून मराठ्यांनी स्वतःच ते केलं होतं. इंग्रज मागे फिरले, वडगावला कोंडीत सापडले आणि तिथे त्यांना तह करावा लागला. शाळेत आपण तो विजय म्हणून शिकलो, आणि तो विजय होताच.

पण मी घरचा विचार करते. तळेगावातल्या ज्या बाईचं घर आणि कणगीतलं धान्य गेलं, तिचा शनिवारवाड्यातल्या काका-पुतण्याच्या भांडणाशी काय संबंध? वाड्यात जो कट झाला, त्याचं व्याज साडेपाच वर्षांनी मावळातल्या चुलींनी भरलं. आणि रघुनाथरावांना काय मिळालं? पेशवाईची वस्त्रं मिळाली ती काही महिने. 1783 मध्ये ते कोपरगावला वारले, तेव्हा ते पेशवे नव्हते, नेमणुकीवर जगत होते.

आपल्याकडे आठव्या शतकात हरिभद्रसूरींनी ‘समराइच्चकहा’ लिहिली, आपण समरादित्य कथा म्हणतो ती. प्रवचनात पुष्कळदा ऐकलेली असेल. तिची भाषा जैन महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे नात्याने आपल्या मराठीच्या घरातलीच. राजपुत्र गुणसेन कुरूप अग्निशर्माची थट्टा करतो. अग्निशर्मा तापस होतो, महिना-महिना उपास करतो आणि पारण्याला एकाच घरी जातो. तिथे मिळालं नाही तर पुन्हा महिनाभर उपास. राजा झालेला गुणसेन पश्चात्तापाने त्याला पारण्याला बोलवतो, आणि तीनदा काही ना काही अडचण येऊन विसर पडतो. तिसऱ्यांदा अग्निशर्मा निदान बांधतो, की जन्मोजन्मी मी याला मारीन. मग नऊ भव. कधी बाप-मुलगा, कधी नवरा-बायको, कधी भाऊ-भाऊ. एका भवात तर तो आई होऊन येतो, जालिनी. साधू झालेल्या आपल्याच मुलाला, शिखीला, ती मायेने बोलावते आणि विष घातलेलं अन्न देते.

मॉन्ट्रेसरचा दारूचा प्याला आणि जालिनीचं ताट यांत मला फरक दिसला नाही. दोन्हीकडे हाक प्रेमाची आहे. फरक एवढाच की पो यांची गोष्ट पन्नास वर्षांवर थांबते. आपले आचार्य म्हणतात, अजून आठ जन्म बाकी आहेत.

हे सगळं मी आज का लिहिते आहे, ते आता सांगते. घरातली गोष्ट आहे, म्हणून नावं लिहीत नाही.

सोळा वर्षांपूर्वी इकडे एमआयडीसीमुळे जमिनींचे भाव चढायला लागले होते. आमची सामाईक जमीन होती. नात्यातल्या एकाने आमच्या ह्यांना घरी जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरीचं जेवण झालं, पानसुपारी झाली, आणि मग एक कागद पुढे आला. मोजणीचा अर्ज आहे, नुसती सही पाहिजे. ह्यांनी विश्वासाने केली. पुढे फेरफार झाला तेव्हा कळलं, रस्त्याकडेचे गुंठे गेले, मागची जमीन आणि कडेची एक पट्टी आमच्याकडे राहिली. ह्यांनी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा हसून विषय बदलला. हे शांत स्वभावाचे, गप्प बसले. माझा मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता. तो गप्प बसला, पण विसरला नाही.

या वर्षी ते नातेवाईक ती पुढची जमीन गोदामासाठी विकायला निघाले. घेणाऱ्याची अट अशी की मोठ्या गाड्या वळायला रस्ता रुंद पाहिजे. रुंद करायचा तर आमची पट्टी लागते. ते स्वतः घरी आले, पेढे घेऊन. जुनं काही मनात ठेवू नका म्हणाले.

ते गेल्यावर मुलाने मला स्वयंपाकघरात येऊन त्याचा बेत सांगितला. आत्ता गोड बोलायचं, पट्टी देतो म्हणायचं, तोंडीच. त्यांना घेणाऱ्याकडून विसार घेऊ द्यायचा, तो खर्च होऊ द्यायचा. आणि खरेदीखताच्या दिवशी फिरायचं. मग विसार परत करता करता नाकी नऊ येतील. “मम्मी, त्यांनी जेवायला बोलावून सही घेतली ना? आपणही जेवायला बोलावू. श्रीखंडच करू.”

तो हसत होता. त्याची बाजू मला कळत होती. त्याने बापाला रात्र-रात्र जागताना पाहिलं आहे. शिवाय यात बेकायदा काही दिसत नव्हतं, तोंडी बोलणंच होतं. मी त्याला रागावले नाही. एवढंच विचारलं, की हे तू त्यांना तोंडावर सांगू शकशील का? तो म्हणाला, सांगितलं तर बेत कसा साधेल?

मी म्हटलं, मग हा सूड झाला. वसुली असती तर तोंडावर सांगता आली असती.

मैत्रिणींनो, मला हाच मुद्दा मांडायचा आहे. पुष्कळदा आपल्याला वाटतं की क्षमा म्हणजे हक्क सोडून देणं, आणि मग चांगल्या बायका आयुष्यभर गप्प राहतात, आतल्या आत जळतात. आमच्या अभ्यासात बुडीत येणं नावाचा प्रकार होता. एखाद्याकडून पैसे येण्याची आशा उरली नाही की ते येणं वहीतून काढून नुकसानीला टाकायचं. याचा अर्थ तो माणूस देणं लागत नाही असा होत नाही. तो लागतोच. तुम्ही कोर्टातही जाऊ शकता. फक्त त्या पैशाला आपली मालमत्ता म्हणून दरवर्षी पुढे ओढायचं थांबवायचं, कारण त्याने ताळेबंद खोटा होतो. उद्या पैसे आले तर ते जमा करून घ्यायचे, बस. क्षमा मला अशीच समजते. मनातून येणं काढून टाकायचं. मागायचं असेल तर उजेडात, कागदावर, नाव सांगून मागायचं.

गंमत बघा, खुद्द पो यांनी हेच केलं. त्याच 1846 साली एका वर्तमानपत्राने त्यांच्याविरुद्ध बदनामीचा मजकूर छापला, टॉमस डन इंग्लिश या त्यांच्या एकेकाळच्या ओळखीच्या लेखकाचा. पो यांनी सरळ कोर्टात दावा लावला आणि पुढच्या वर्षी सव्वादोनशे डॉलर भरपाई मिळवली. ही गोष्ट लिहिताना ते भांडण त्यांच्या डोक्यात असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे अंधारातला सूड त्यांनी कागदावरच ठेवला, आणि येणं होतं ते न्यायाधीशासमोर मागितलं.

मुलाला मी म्हटलं, पट्टी द्यायची नसेल तर देऊ नको. द्यायची तर बाजारभावाने दे. सोळा वर्षांपूर्वीचा कागद आधी वकिलाला दाखव, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना विचार. पण जे म्हणायचं ते आज म्हण, त्यांनी विसार घ्यायच्या आधी. त्या विसारावर त्यांच्या सुनेचं काही अवलंबून असेल, नातवाची फी असेल. ती मुलं त्या श्रीखंडाच्या जेवणाला नव्हती.

तो दोन दिवस माझ्याशी फारसा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांना बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेला आणि सगळं समोर बसून सांगितलं. पट्टी फुकट मिळणार नाही, आणि जुन्या कागदाचा विषय आधी. ते संतापले. पेढ्यांचा गोडवा गेला, आवाज चढले, शेवटी त्यांनी दार दाखवलं. व्यवहार अडकला आहे. आमची पट्टी आमच्याकडे आहे, त्यांचे गुंठे त्यांच्याकडे. वकील कागद बघतो आहे. सोळा वर्षं झाल्याने दावा टिकेल की नाही हे तोही ठाम सांगत नाही. काहीजण मुलाला भोळा म्हणाले. हातात आलेली संधी घालवली म्हणाले. त्यालाही अधूनमधून तसं वाटतं, चेहऱ्यावर दिसतं. पण ह्यांनी घरी आल्यावर जेवताना दोनदा भात मागून घेतला. सोळा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा त्या माणसासमोर तो कागद असा शब्द उच्चारला होता.

पर्युषण जवळ येत आहेत. संवत्सरीला आपण शेकडो जणींना मिच्छामि दुक्कडं पाठवतो, एका बोटाने. ते पाठवाच. पण त्याआधी एक काम करून बघा, आमच्या जुन्या वह्यांसारखं. एक कागद घ्या. ज्याच्याबद्दल मनात गाठ आहे त्याचं नाव लिहा, आणि खाली तपशील भरा: कोणत्या दिवशी, काय शब्द, काय नुकसान. जिथे तपशील भरताच येत नाही, नुसतं हजार वेळा दुखावलं एवढंच आठवतं, ती नोंद खोडून टाका. आणि जिथे तपशील पक्का आहे, तिथे बघा की हे त्या माणसाला समोर बसून सांगता येईल का. येत असेल तर दिवसा जा आणि बरोबर घरचं कोणीतरी घेऊन जा.

आमच्या वकिलाने पुढच्या सोमवारी बोलावलं आहे. मुलगा सुटी काढून येणार आहे. काय झालं ते लिहीन.